‘बँक बुडतेय’ असा मेसेज आला की काय करायचं

सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर मी 31 वर्षं काढली. आता सारसबागेत फिरणाऱ्या आमच्या ग्रुपची ॲडमिन आहे. नोकरी सोपी होती.

सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीला खात्यातून हजारच रुपये निघत होते. त्याच आठवड्यात ग्रुपवर पुण्यातल्या एका बँकेचं नाव आलं: ‘आजच पैसे काढा, आतल्या माणसाने सांगितलंय.’ वर ‘खबरदारी म्हणून’ असं लिहून तो मेसेज मी पुढे ढकलला. मी! दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू एफडी मोडून, व्याजावर पाणी सोडून, पिशवी पोटाशी धरून रिक्षातून उतरल्या. ती बँक आजही धडधाकट आहे.

तर आधी तारीख बघा. ‘उद्यापासून’ ही तारीख नव्हे. जुनी कात्रणंही ताजी म्हणून फिरतात. पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले 2013 मध्ये, परवाना रद्द झाला 2022 मध्ये. मधल्या काळातली कात्रणं किती असतील, मोजा. मग रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर प्रेस रिलीजमध्ये बँकेचं नाव शोधा. निर्बंधांचा आदेश तिथे येतोच, त्याला आतला माणूस लागत नाही.

मग स्वतःचा हिशेब करा. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांच्या ठेवी मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला हा विमा नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो.

एवढी खातरजमा कशाला? कारण गल्ल्यात सगळ्यांचे पैसे कधीच नसतात, ते कर्जात फिरत असतात. सगळे एकदम आले तर चांगली बँकही लटपटते. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचा रोख्यांमधला तोटा खरा होता, पण 9 मार्च 2023 या एका दिवसात लोकांनी 42 अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं. आमच्या वेळी घाबरलेल्या माणसाला निदान बसची वाट बघावी लागायची.

शेअर बाजारातल्या ‘टिप’लाही हेच. देणाऱ्याचा सेबीकडचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडचा, नोंदणी क्रमांक मागा. बहुतेक तिथेच संभाषण संपतं.

आणि चुकून पुढे पाठवलंच असेल, तर गुपचूप डिलीट करू नका. वाचलेलं डोक्यातून डिलीट होत नाही. ‘मी काल पाठवलेलं खोटं होतं’ असं त्याच ग्रुपवर स्वच्छ लिहा. मी लिहिलं. खाली चौदा अंगठे आले. काकूंचा अंगठा नव्हता, आणि त्या वर्षी दिवाळीला त्यांच्या चकल्याही आल्या नाहीत.