जुनी डिझेल पिकअप कधी स्टार्ट होते, कधी नाही? या चुका टाळा

रोज अर्ध्या सेल्फला चालू होणारी गाडी मधेच एखाद दिवशी हट्ट धरते आणि गॅरेजला नेली की मिस्त्रीसमोर लगेच चालू होते, हा प्रकार जुनी बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७ वापरणाऱ्या बहुतेकांनी बघितलेला असेल. कायमची बंद पडलेली गाडी परवडली, कारण तिच्यात दोष शोधता तरी येतो. पण अशी अधूनमधून दगा देणारी गाडी म्हणजे रात्री दोनला टोमॅटो भरून नारायणगावला निघायचं आणि चावी फिरवताना धाकधूक. मग होतं काय, की आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ मोटर, मग कुणीतरी म्हणतं डिझेल पंप गेलाय, आणि दहा-पंधरा हजार घालवून दुखणं तिथंच राहतं.

सगळ्यात मोठी चूक इथंच आहे. गाडी चालू झाल्यावर दोष शोधायचा नसतो, गाडी चालू होत नाही त्या दोन मिनिटांत शोधायचा असतो. त्या वेळी आपण घाईत पाचपन्नास सेल्फ मारतो, धक्का देतो, गाडी चालू झाली की निघून जातो, आणि जो पुरावा समोर होता तो गेला. त्यापेक्षा मोबाईल काढून सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर यांचा व्हिडिओ करा आणि चार गोष्टी लिहून ठेवा: इंजिन गार होतं की तापलेलं, टाकीत डिझेल किती होतं, गाडी चढाला उभी होती की उताराला, आणि गेल्या महिन्याभरात गाडीचं कुठलं काम झालंय. तीन-चार वेळा असं लिहिलं की निम्मं उत्तर त्यातच दिसतं.

"स्टार्ट होत नाही" एवढंच सांगणं

ही एक तक्रार नाही, दोन आहेत. सेल्फ फिरतच नाही किंवा मरगळल्यासारखा फिरतो, हा करंटचा विषय, वायरमनचं काम. सेल्फ दणक्यात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा बहुतेक वेळा डिझेलचा विषय. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल मारायचं एवढंच असतं, त्यामुळे सेल्फ हळू फिरला तर डिझेल पोचूनही ते पेटत नाही. म्हणून सेल्फ जरा जरी जड वाटत असेल तरी आधी करंट बघा, डिझेल लाइनीला हात लावू नका.

धक्का मारल्यावर लगेच चालू होत असेल तर डिझेल बाजू ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

डोळे झाकून बॅटरी बदलणं

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तो आयुष्यभर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना असते. तेव्हा व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, नाहीतर बॅटरीचा दोष नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) चार्जच करत नाहीये. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो, त्याचं सील गेलं की ऑइल आत उतरतं आणि कार्बन (घासत करंट देणारे ब्रश) खराब होतात, मग चार्जिंग कधी येतं कधी नाही. अल्टरनेटर बाहेरून तेलकट दिसला तर इथं आधी बघा.

आता एक गोष्ट नीट करून बघा, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथं फसतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवा, दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दोन्ही एकमेकाला चिकटलेले, त्यामुळे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर त्या दोघांच्या मधे काळपट थर बसलाय, वरून क्लॅम्प कितीही घट्ट वाटू दे. क्लॅम्प सैल झाला म्हणून त्यात तारेचा तुकडा नाहीतर खिळा ठोकायची पद्धत आहे, ती बंद करा. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुवा, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलिन लावा.

अर्थिंग विसरणं

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते चेसी जी जाडजूड अर्थिंग पट्टी असते तिच्यावरून सेल्फचा सगळा करंट परत येतो. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं की ही पट्टी कधी सैल बसते, कधी रंगावरच बसवतात, कधी चक्क लावायचीच राहते. मग करंट मिळेल त्या वाटेनं जातो, एक्सिलेटरची नाहीतर क्लचची केबल सेल्फ मारताना गरम लागते. अशी केबल गरम लागली तर दुसरं काही शोधू नका. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. आता सेल्फ दणक्यात फिरला तर दोष अर्थिंगचाच.

सेल्फ मोटरला ठोकून काम भागवणं

हेडलाइट चालू ठेवून चावी फिरवून बघा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग, किंवा मोटर आतून जाम. लाइट तसाच राहिला आणि काहीच आवाज नाही तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत (मोटरला करंट जोडणारा सेल्फवरचा स्विच) करंट पोचतच नाहीये, म्हणजे इग्निशन स्विचचे घासलेले पॉइंट, रिले किंवा ती बारीक वायर. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला टेस्ट लॅम्प (वायरी जोडलेला बल्ब) लावला की लगेच कळतं. एकच खट्ट आवाज येतो आणि मोटर फिरत नाही, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत नाहीतर कार्बन संपलेत. हलक्या हातानं ठोकल्यावर फिरली तर कार्बनचंच नाव घ्या. पण लोक हेच ठोकणं सहा महिने चालवतात आणि तोपर्यंत आर्मेचरला (मोटरच्या फिरणाऱ्या भागाला) चरे पडून जिथं कार्बन आणि बुशवर (त्याला टेकू देणाऱ्या कड्यांवर) भागलं असतं तिथं अख्खी मोटर घ्यावी लागते.

गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फ शॉर्ट करायचा प्रकार कृपा करून करू नका. गिअर राहिलेला असेल तर गाडी अंगावर येते.

लांबचा पल्ला मारून ढाब्यावर थांबलात आणि गरम गाडीचाच सेल्फ जड झाला, गार झाल्यावर पुन्हा ठीक, तर बुश झिजून आर्मेचर आत घासतंय का ते उघडून बघायला लावा.

हवा शिरतेय ते डिझेल गळतीवरून शोधणं

सेल्फ चांगला फिरतोय, गाडी पकडत नाही, अशा वेळी एकानं सायलेन्सरकडे बघावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे थंडी, हीटर प्लग (गार इंजिनात हवा तापवणारे), डिझेल मारायचं टायमिंग नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). धूरच नाही तर डिझेल पोचत नाहीये, आणि जुन्या गाडीत त्याचं पहिलं कारण म्हणजे गाडीनं एअर घेतलीय, डिझेल लाइनीत हवा शिरलीय.

बरेच जण म्हणतात की कुठंच गळत नाही, मग एअर कुठून येणार. टाकीपासून फीड पंपापर्यंत (डिझेल पुढं आणणारा छोटा पंप), आणि काही गाड्यांत फिल्टर धरून थेट मेन पंपापर्यंत (इंजिनात दाबानं डिझेल मारणारा), डिझेल ओढलं जातं. ओढणाऱ्या पाइपला बारीक चीर असली तर बाहेर थेंब येत नाही, आत हवा जाते. रात्री उभी असताना तेवढ्या हवेनं डिझेल मागं टाकीत उतरतं, सकाळी गाडी रडते, हातानं डिझेल चढवायचा हँड पंप मारला की चालू, आणि मग दिवसभर काही नाही. टाकी निम्म्याखाली असताना किंवा तोंड चढाला करून लावल्यावरच असं होत असेल तर जवळजवळ नक्की हेच. दोन-तीन रात्री तोंड उताराला करून लावा, फरक पडतो का बघा.

मेन पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग फिल्टरची रबर रिंग, हँड पंप, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर आणि क्लिपाखालचे रबरी पाइप, या क्रमानं बघत जा. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका, ते जुनेच उलटे करून बसवणं ही पंधरा-वीस रुपयांची बचत फार महाग पडते. फिल्टरमधलं पाणीही काढा, विशेषतः पावसाळ्यात.

पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे चावीनं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, तोही असाच चकवतो. चावी ऑन केली की तिथं टक असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर वायर हलवून बघा, किंवा बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वेगळी वायर देऊन बघा. मात्र ती वायर असेपर्यंत चावीनं गाडी बंद होणार नाही हे लक्षात ठेवा.

थंडीत बोळा पेटवणं, स्प्रे मारणं

निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत हे सर्रास चालतं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारला तर तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन, रिंगा फुटू शकतात. पेटता बोळा एअर क्लीनरजवळ धरला तर एअर फिल्टर पेटतो. त्यापेक्षा आपल्या इंजिनाला हीटर प्लग आहेत का ते आधी विचारा, कारण बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना नसतातच. असतील तर प्लगांना जोडणारी वरची पट्टी काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरी पॉझिटिव्हला आणि दुसरं एकेका प्लगच्या टोकाला लावा. लॅम्प लागला तर प्लग जिवंत. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरू नका, मधे मिनिटभर थांबा.

पंप आधी खोलणं

गार गाडी झटक्यात चालू आणि तापलेली मात्र सेल्फ खाऊन खाऊन घेते, अशा वेळी रोटरी पंप (मेन पंपाचा एक प्रकार) आतून झिजलेला असू शकतो. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या फिरण्यावर पंपाला प्रेशर धरता येत नाही. बंद गाडीच्या पंपावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, चालू पंपावर पाणी कधीच ओतू नका. त्यानंतर गाडीनं लगेच घेतलं तर पंपवाल्याकडे जायला कारण आहे. पण तरीही पंप उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा, आणि एखादं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी निघालं तर पंपाचं काम तिथंच थांबवून आधी व्हॉल्व्ह आणि रिंगांचं बघा.