मागच्या रांगेत गार वारा यावा म्हणून: ह्यूस्टनमध्ये जुनी एसयूव्ही घेणाऱ्यांसाठी

नवीन कुटुंब ह्यूस्टनला आलं की गाडीची खरेदी बहुतेक एकाच वाटेने जाते. भारतात परतणाऱ्या किंवा दुसऱ्या राज्यात निघालेल्या कुणाकडून तरी जुनी, मोठी, तीन रांगांची गाडी मिळते. शेवरोले सबर्बन, टाहो, टोयोटा सिक्वोया, होंडा पायलट. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले तरी सगळे एकाच गाडीत मावतात आणि किंमतही झेपते. मग मे महिना उजाडतो आणि मागून आवाज येतो, "आई, इकडे गरमच हवा येतेय."

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत दोन-तीन जण तरी ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, आणि तोवर प्रत्येकाने दोनदा-तीनदा गॅस भरून घेतलेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमची सबर्बन २००४ची आहे. तिच्या मागच्या एसीचे पाइप मी स्वतः, शेजारच्या निवृत्त मेकॅनिक काकांच्या मदतीने, आमच्या ड्राइव्हवेत बदलले. आता त्याला बरीच वर्षं झाली आणि एसी अजून गार आहे.

आधी इथल्या उन्हाबद्दल. नागपूर-जळगावची मंडळी म्हणतात की आम्ही ४५ अंश पाहिले आहेत. इथे जुलैत सरासरी कमाल तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, पण हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट. २०२३च्या ऑगस्टमध्ये तर १०९ फॅरेनहाइट झालं होतं, म्हणजे जवळपास ४३. दुपारी चारला हिलक्रॉफ्टच्या भारतीय दुकानांतून वाणसामान घेऊन केटी उपनगरात यायचं आणि वाटेत ट्रॅफिक लागला, तर तिसऱ्या रांगेतल्या बाळाची काय अवस्था होते ते मी पाहिलं आहे. मागचा एसी बंद पडला तर ते काम पुढच्या पगारावर ढकलू नका.

आता मूळ मुद्दा. गाडीच्या एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो: कंप्रेसर (गॅस दाबून पुढे ढकलणारा पंप), कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी), कूलिंग कॉइल आणि परत. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात एसी गरम झाला तर कुठेतरी लीक आहे. नाशिकला असताना दर उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हीही गॅस भरून घ्यायचो, कारण गॅस भरणारा नाक्यावरच होता आणि पैसे थोडे लागायचे. ती सवय इथे महागात पडते. गॅसबरोबर तेलही फिरतं आणि त्याच तेलावर कंप्रेसर जगतो. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही, कंप्रेसर कोरडा चालतो, झिजतो आणि धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरवतो. मग पाइपाचं काम राहत नाही, सगळंच बदलावं लागतं. म्हणून लीकची शंका आली की एसीचं बटण बंद ठेवा. काच साफ करायच्या डीफ्रॉस्टवरही बहुतेक गाड्यांत कंप्रेसर चालू होतो, तेही लक्षात असू द्या.

भाषेचीही एक अडचण येते. इथे गॅस म्हणजे पेट्रोल. काउंटरवर रेफ्रिजरंट म्हणा, जुनी माणसं फ्रीऑन म्हणतात, तेही चालतं. ह्यूस्टनमध्ये बरेच मेकॅनिक स्पॅनिश बोलणारे भेटतील. त्यांच्या भाषेत लीकला 'फुगा' म्हणतात. आपल्या फुग्यातूनही हवाच जाते, त्यामुळे हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाही.

मोठ्या एसयूव्हीत एसीची दोन कूलिंग कॉइल असतात, एक पुढे डॅशबोर्डमागे आणि एक पाठीमागे. सबर्बनमध्ये मागचं कॉइल उजव्या बाजूच्या पत्र्याआड असतं. तिथपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचे दोन पाइप, एक जाड आणि एक बारीक, इंजिनापासून गाडीच्या पोटाखालून जातात. चेसीला ते जिथे क्लॅम्पने धरलेले असतात तिथे ओल आणि माती साठते, पाइप घासला जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमला लोखंड व खारं पाणी एकदम भेटलं की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडून आलेल्या गाड्यांचे हे पाइप लवकर सडतात. म्हणून गाडी घेण्याआधी कारफॅक्सवर, म्हणजे गाडीचा इतिहास सांगणाऱ्या अहवालात, ती कोणकोणत्या राज्यांत राहिली ते बघा. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीचंही पोट तपासा. डीलरकडे खिडकीवर 'अ‍ॅज इज' (आहे तशी) लिहिलेला कागद असेल तर सही केल्यावर एसीची जबाबदारी पूर्ण तुमची. सरकारी तपासणीवरही भिस्त ठेवू नका. टेक्ससमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणी १ जानेवारी २०२५पासून बंद झाली. हॅरिस आणि फोर्ट बेंडसारख्या काउंट्यांत धुराची चाचणी आहे, पण तिचा एसीशी काही संबंध नाही.

लीक शोधायला पहिलं हत्यार म्हणजे टॉर्च. सकाळी गाडी थंड असताना खाली वाकून पाइपावरून नजर फिरवा. गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर बाहेर येणारं तेल दिसतं. बाकीचा पाइप कोरडा, मातकट आणि एकाच क्लॅम्पपाशी काळपट चिकट धूळ जमलेली दिसली की समजावं. तरी तिथेच थांबू नका. बॉनेटखाली गॅस भरायच्या दोन तोंडांच्या आत टायरच्या व्हॉल्व्हसारखे छोटे व्हॉल्व्ह असतात, ते गळले तर दुरुस्ती काही डॉलरांत होते. तोंडाला साबणाचं पाणी लावून बघा. खात्री हवी असेल तर शॉपमध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) टाकून घ्या, आठवडाभर गाडी चालवा आणि निळ्या यूव्ही दिव्यात पिवळा-हिरवा डाग शोधा. गाडी बंद आणि थंड असताना गेज (दाब मोजायचा काटा) लावला तर ८० फॅरेनहाइट हवेत आर-१३४ए, म्हणजे या जुन्या गाड्यांतला गॅस, साधारण ८७ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो. काटा त्याच्या बराच खाली असेल तर गॅस नक्की कमी आहे. कंप्रेसर दर काही सेकंदांनी टक-टक करत चालू-बंद होत असेल तर तेही बहुधा याचंच लक्षण.

दुकानात 'स्टॉप लीक'चे, म्हणजे लीक बुजवायच्या सीलरचे, डबे मिळतात. ते घेऊ नका. सडलेला पाइप त्याने बुजत नाही, आतल्या बारीक वाटा मात्र तुंबतात, आणि त्यात सीलर आहे हे कळलं तर बरीच शॉप्स आपलं मशीन तुमच्या गाडीला लावायला नकार देतात. आमच्या गाडीला एका शॉपने मला न विचारता असा डबा टाकला होता, आणि पुढची दोन शॉप्स मला परत पाठवत राहिली. बिलावर काय टाकलं ते लिहून मागायला तेव्हापासून मी शिकले.

पाइपाच्या कामाचे तीन रस्ते आहेत. पहिला, मागची वाट टोप्या लावून कायमची बंद करायची. सर्वांत स्वस्त. एकट्या माणसाला चालेल, मुलं मागे बसणार असतील तर मी तरी सुचवणार नाही. दुसरा, सडलेला तुकडा कापून मध्ये कॉम्प्रेशन फिटिंगने (नट आवळून बसणारा सांधा) जोड द्यायचा. बाकीचा पाइप चांगला असेल तर हा जोड टिकतो, पण एका जागी सडलेला पाइप सहसा दुसरीकडेही सडत आलेला असतो. तिसरा, दोन्ही पाइप पूर्ण बदलायचे. कंपनीचा मूळ पाइप लांबलचक आणि वळणावळणाचा असतो, तो आत घालणं जिकिरीचं. बाहेरच्या बनावटीचे पाइप तुकड्यांत मिळतात, ते घालणं सोपं. आम्ही तेच घातले. शॉपने चौदाशे डॉलर सांगितले होते, आमचा सगळा खर्च गॅससकट तीनशेच्या आत झाला. गाडीची किंमतच चार-पाच हजार असेल तेव्हा हा फरक मोठा आहे.

काम घरी करणार असाल तर आधी जागेचा विचार करा. बऱ्याच अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते, तेव्हा घर असलेल्या ओळखीच्या माणसाचा ड्राइव्हवे मागा. आपली माणसं नाही म्हणत नाहीत. आत थोडाही गॅस उरला असेल तर तो हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे. शॉपमध्ये जाऊन आधी काढून घ्या. पातळ रेफ्रिजरंट उणे २६ अंशाला उकळतं, बोटावर किंवा डोळ्यात उडालं तर गारठ्याने इजा होते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच. गाडी जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, जॅक स्टँड लावा.

नटांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. उघडताना नेहमी दोन पाने वापरा, एकाने फिटिंग धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम पिळवटून तुटतं. आमचा एक नट सोडवायला अख्खी दुपार गेली, पण काकांनी घाई करू दिली नाही. त्याच वाटेने मागच्या हीटरचे कूलंटचे पाइपही जातात, गाडी वर आहे तोवर तेही बघून घ्या. नव्या पाइपांच्या टोप्या जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका, कारण एसीचं तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि ह्यूस्टनच्या हवेत ओलीला तोटा नाही. प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग (रबरी कडी), तेलाचा हात लावून. जुने क्लॅम्प फेकून रबराचं अस्तर असलेले लावा, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा तिथेच भोक पडेल. बरेच दिवस यंत्रणा उघडी राहिली असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरही बदला. तोच आतली ओल धरून ठेवतो आणि एकदा भिजला की कामातून जातो.

पुढचं काम व्हॅक्यूमचं, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायचं. व्हॅक्यूम पंप आणि गेज विकत घ्यायची गरज नाही. ऑटोझोन या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात अनामत भरून अवजारं नेता येतात, परत केली की पूर्ण पैसे मिळतात. आम्ही पंप तासभर चालवला, मग बंद करून अर्धा तास काट्यावर नजर ठेवली. काटा हलला नाही तरी निर्धास्त होऊ नका. व्हॅक्यूममध्ये पाइपावर फार तर १४.७ पीएसआयचा दाब येतो आणि तोही बाहेरून आत, उन्हात चालताना मात्र बारीक पाइपात तो आतून दोनशेच्या वर जातो. ओळखीत कुणाकडे नायट्रोजनची टाकी असेल तर नायट्रोजनच्या दाबाखालीही तपासा.

गॅस वजनावरच भरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर आकडा असतो, काही स्टिकरवर मागचा एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, तुमचा कोणता ते नीट वाचा. एका डब्यात साधारण १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅम. डबा आधी आणि नंतर वजन करून हिशेब ठेवा. डब्यावरच्या छोट्या गेजवर विसंबू नका, तो फक्त लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू, दाखवतो. जास्त गॅस भरला तरी एसी गार होत नाही, उलट दाब वाढून कंप्रेसरवर ताण येतो. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो आणि आर-१३४ए एकमेकांत कधीही मिसळू नका.

हे सगळं स्वतःच करा असा माझा आग्रह नाही. लहान बाळ, नवी नोकरी, वर व्हिसाची धावपळ, यात कुणाला वेळ नसेल तर शॉपमध्येच द्या. पण "गॅस भरा" म्हणू नका. "लीक कुठे आहे ते दाखवा" म्हणा, काढलेला जुना पाइप परत मागा आणि बिलावर किती औंस भरले ते लिहून घ्या.

काम झाल्यावर मागच्या व्हेंटमध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरून आकडा टिपून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुलना करायला तोच कामी येतो. महिन्याभराने यूव्ही दिवा घेऊन नवीन जोड पुन्हा एकदा बघा. दिवा नसेल तर माझ्याकडे आहे, गेजसुद्धा आहे. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत या.