चावरा कार्पेट पायथन माणसाळवायचा कसा

मी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून लिहिते आहे. इथे कार्पेट पायथन नावाचा अजगर उंदरांच्या मागे घराच्या माळ्यावर आपणहून येऊन राहतो. पाळायचा झाला तर राज्य सरकारचा परवाना लागतो आणि पिल्लू परवाना असलेल्या पाळणाऱ्याकडूनच आणावं लागतं. रानातलं उचललेलं चालत नाही. महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर आपला अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणं गुन्हा आहे, शेतात सापडलेलं पिल्लू ‘वाचवलं’ असलं तरी. परदेशी बॉल पायथन असेल तर त्याची २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. हाताळणीची रीत त्यालाही हीच, फक्त तो बिचारा चावण्याऐवजी बहुधा डोकं पोटाखाली घालून चेंडू होऊन बसतो. कार्पेट पायथनचं पिल्लू तसलं काही करत नाही. ते चावतं.

पेटी, पाणी, लपायला जागा हे सगळं लागलेलं आहे असं धरते. उबदार टोकाला ३२ अंशांच्या आसपास, गार टोकाला २४-२५. पहिले आठ-दहा दिवस हात लावायचा नाही आणि पाहुण्यांना दाखवायचंही नाही. लागोपाठ दोन-तीन वेळा नीट खाल्लं की मग सुरुवात करा. खाल्ल्यावर ४८ तास सुट्टी, नाहीतर गिळलेलं ओकून टाकतं. डोळे दुधाळ निळसर दिसले म्हणजे कात टाकायच्या बेतात आहे. त्याला धड दिसत नसतं, तेव्हाही सुट्टी.

आता पेटीतून बाहेर काढणं. सगळे अडकतात ते इथेच. एकदा हातावर आलं की अतिशय चावरं पिल्लूही दोन मिनिटांत गप्प होतं. भांडण असतं ते झाकण उघडल्यापासून उचलेपर्यंतच्या दहा सेकंदांचं.

माझं पहिलं पिल्लू जेमतेम ४० सेंटिमीटर लांब, करंगळीहून बारीक. झाकण सरकवलं की मान मागे खेचून तिचा इंग्रजी ‘एस’ करायचं आणि सपकन हातावर यायचं. मी हात मागे घ्यायचे, झाकण लावायचे, ‘उद्या बघू’ म्हणायचे. असे दोन महिने गेले. एका अनुभवी म्हणवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, चिडलं की सोडून द्या, शांत होईल. मी इमानाने सोडत राहिले आणि रोज त्याला एकच धडा देत राहिले: चावलं की संकट निघून जातं. विद्यार्थी हुशार निघाला. आठव्या आठवड्यात तर मी खोलीत आले तरी मान वळायला लागली.

त्याच्या बाजूने बघा. अजगरांच्या ओठांवर बारीक खळग्या असतात, त्यांतून त्याला उष्णता कळते. वरून येणारी ऊबदार वस्तू म्हणजे एकतर कूकाबुरासारखा पक्षी, जो असली पिल्लं सहज गट्टम करतो, नाहीतर जेवण. दोन्हींना उत्तर एकच, तोंड उघडून झेप. म्हणून हात घालण्याआधी ते घाबरलंय की भुकेलं आहे हे ओळखायला शिका. घाबरलेलं मान खेचून घेतं, फुसकारतं, कधी शेपटीचं टोक थरथरवतं, आणि चावलं तर क्षणात सोडतं. भुकेलं मात्र संथ असतं. जीभ सारखी आतबाहेर, डोकं तुमच्या हाताच्या मागे मागे फिरतं. ते चावलं की सोडत नाही, वेटोळं घालतं.

दोघांवरही उपाय एकच, हुक, म्हणजे साप उचलायची टोकाला वाकवलेली काठी. नसेल तर किचन रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती गार असते, म्हणून ती त्याला खाऊ वाटत नाही. अंगाच्या मधल्या भागाला हळूच टेकवा, मग पुढे सरकत मानेवरून फिरवा. तिसऱ्या-चौथ्या स्पर्शाला मानेचा ‘एस’ सैल पडतो. दरवेळी हे करायचं, साप शांत दिसत असला तरी. हुक लागला म्हणजे आज जेवण नाही, हात येणार आहे, हे त्याला कळलं पाहिजे. जेवण देताना हुक लावायचा नाही. गोठवलेला उंदीर वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्यायचा. खायला वेगळ्या डब्यात हलवा म्हणजे पेटीत चावणार नाही, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. भुकेने पेटलेला साप हाताने उचलून डब्यात टाकायचा आणि पोट भरल्यावर पुन्हा उचलायचा, यात कोणाचं भलं होतं?

मान सैल झाली की हुकाने पुढचा भाग जरा उचला आणि दुसरा हात बाजूने, खालच्या अंगाने, पोटाखाली घाला. वरून कधीच नाही. आणि एकदा निघालेला हात थांबवायचा नाही. हवेत घुटमळणारा हात म्हणजे नेम धरायला दिलेला वेळ. घाई नको, पण अर्ध्यातून माघारही नको.

तरी चावेल. बोरीच्या काट्याने ओरखडल्यासारखं होतं, चार-सहा लाल ठिपके उमटतात. विष नाही, साबणाने धुतलं की झालं. चावलं म्हणून परत ठेवायचं मात्र नाही. हातात धरून बसा, मान सैल पडू दे, जीभ आरामात हलायला लागू दे, मग ठेवा. यावर मी तडजोड करत नाही. भुकेच्या भरात धरून बसलं तर हिसका देऊ नका. दात आत वळलेले असतात, तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. नळाचं गार पाणी त्याच्या तोंडावर सोडा आणि वाट बघा.

हातमोजे घालू नका. जाड चामड्यातून तुम्ही किती दाबताय तेच कळत नाही, आणि करंगळीएवढ्या सापाच्या बरगड्या नाजूक असतात. फारच भीती वाटत असेल तर छोटा टॉवेल अलगद त्याच्यावर टाका आणि टॉवेलसकट उचला. अंधारात ते आपोआप गप्प होतं. माझी गाडी त्या दोन महिन्यांनंतर टॉवेलनेच रुळावर आली. मानेला धरणं तर साफ बंद. ती पकड शिकाऱ्याची. सर्पमित्रांचे व्हिडिओ बघून ती घरी करू नका, त्यांचं काम वेगळं आहे.

बाहेर काढल्यावर जमिनीवर बसा. पकडायचं नाही, दोराची लड उलगडावी तसं या हातातून त्या हातात जाऊ द्यायचं. चेहऱ्यापासून लांब. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाच मिनिटं, पुढे पंधरा. रोज तासभर गळ्यात घालून फिरलात तर ते खायचं बंद करेल. आधी हात धुवायचे, कारण उंदराचा वास असेल तर तुम्हीच उंदीर; नंतरही धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ हे उद्योग नकोत, आणि अगदी लहान मुलांच्या हातात तर साप देऊच नये.

माझ्या पिल्लाला रीत सुधारल्यावर पाच आठवडे लागले. ते प्रेमाने ओळखतं वगैरे ऐकायला छान वाटतं. त्याने फक्त मला धोक्यांच्या यादीतून काढलंय, मला तेवढं पुरतं. सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या, त्या अजून रात्री त्याचं नाव घेऊ देत नाहीत. व्हिडिओ कॉलवर ‘लांबडं जेवलं का’ एवढंच विचारतात.

परत ठेवताना लपायच्या जागेच्या तोंडाशी सोडा, आपणहून आत जाऊ दे.

मोठा खंड पडला तर थोडं मागे जावं लागतं. मागच्या दिवाळीला मी महिनाभर भारतात होते. नवऱ्याने वेळेवर खायला घातलं, पण हात लावला नाही. परत येऊन झाकण उघडलं तर मानेचा तोच ‘एस’. पहिलाच दिवस आहे असं समजून हुक, खालून हात, पाच मिनिटं. चौथ्या खेपेला ते मनगटाला वेटोळं घालून निवांत पडलं होतं.