परदेशातले पहिले काही आठवडे: शहराबाहेरचा हॉलिडे फ्लॅट कसा निवडावा

परदेशात नव्याने येणारे बरेच जण कायमचं घर मिळेपर्यंत दोन-चार आठवड्यांसाठी हॉलिडे अपार्टमेंट घेतात. शोधताना पहिला प्रश्न असतो, ‘शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर?’ तो बाजूला ठेवा. १२ किलोमीटरवरचा पण मेट्रोला लागून असलेला फ्लॅट हा ४ किलोमीटरवरच्या, अर्ध्या तासाने येणाऱ्या बसवर अवलंबून असलेल्या फ्लॅटपेक्षा सोयीचा पडतो. मोजायचा तो दारापासून दारापर्यंतचा वेळ, आणि तोही तुम्ही खरोखर बाहेर पडणार त्या वेळचा.

आधी चालणं. सामान्य चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर होतात, म्हणजे ‘स्टेशन ५ मिनिटांवर’ याचा अर्थ ४०० मीटर. पण बुकिंग करण्यापूर्वी नेमका पत्ता बहुधा दाखवतच नाहीत, नकाशावर एक अंदाजे वर्तुळ असतं. त्या वर्तुळाच्या मध्यापासून अंतर मोजण्यात अर्थ नाही. मालकाला रस्त्याचं आणि सगळ्यात जवळच्या थांब्याचं नाव विचारा आणि मग चालण्याचा मार्ग काढून बघा. मध्ये रेल्वेरूळ, नदी किंवा हायवे असेल तर नकाशावर ३०० मीटर दिसणारं स्टेशन पुलाला वळसा घालून सव्वा किलोमीटरवर निघतं. रोजच्या जाण्यायेण्याला ८०० मीटरपर्यंत ठीक आहे. २३ किलोच्या दोन बॅगा आणि लहान मूल सोबत असेल तर ५०० मीटरच्या पुढे जाऊ नका.

त्यानंतर गाड्यांच्या फेऱ्या. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, वेळापत्रक बघायची गरज नाही. दर ३० मिनिटांनी असेल तर सगळा दिवस त्या गाडीच्या तालावर आखावा लागतो, आणि एक चुकली की अर्धा तास गेला. ‘दर ५ मिनिटांनी गाडी’ हे वाक्य मुख्य मार्गापुरतंच खरं असू शकतं, कारण शहराबाहेर पडताना मार्गाला फाटे फुटतात. लंडनची नॉर्दर्न लाइन उत्तरेला एजवेअर आणि हाय बार्नेट अशा दोन दिशांना जाते, त्यामुळे मध्यभागातली प्रत्येक गाडी तुमच्या स्टेशनला जाईलच असं नाही. फाट्यावर फेऱ्या निम्म्या झाल्या तर ५ मिनिटांचे १० होतात, १५ चे ३० होतात.

हे तपासायला त्या शहराच्या वाहतूक संस्थेचं अॅप उघडा आणि एकच प्रवास तीन वेळा शोधा: कामाच्या दिवशी सकाळी ८, रविवारी सकाळी ८, शनिवारी रात्री पावणेबारा. तिन्ही उत्तरांत १०-१५ मिनिटांचा फरक असेल तर चालेल. रात्रीच्या उत्तरात ‘पहाटे ५ ची गाडी’ आली तर टॅक्सीचा खर्च गृहीत धरावा लागेल. शहराशहरात इथे मोठा फरक आहे. व्हिएन्नाचा भुयारी मेट्रो शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर चालतो. लंडनमध्ये त्याच दोन रात्री भुयारी रेल्वेच्या फक्त पाच मार्गांवर गाड्या असतात. टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास गाड्या बंद होतात.

एकाच मार्गावर विसंबून राहू नये. रुळांची मोठी कामं बहुतेक वेळा शनिवार-रविवारी काढतात, मग बदली बस येते आणि प्रवासाचा वेळ सहज दीडपट होतो. १० मिनिटांच्या चालीत दुसरा मार्ग किंवा नेमाने चालणारी बस असलेला फ्लॅट त्यामुळे थोडा महाग असला तरी घ्यावा.

तिकिटाचे झोन, म्हणजे दर ठरवण्यासाठी शहराचे पाडलेले भाग, बघा. बर्लिनमध्ये ए, बी आणि सी असे तीन झोन आहेत: ए मध्यभागाला वळसा घालणाऱ्या रिंग रेल्वेच्या आत, बी शहराच्या हद्दीपर्यंत, सी त्याबाहेर. विमानतळ सी मध्ये आहे, त्यामुळे फक्त ए-बी चं तिकीट तिथे चालत नाही. व्हिएन्नात मात्र अख्खं शहर एकाच झोनमध्ये येतं, तिथे हा हिशोब उरतच नाही. झोन असलेल्या शहरात सीमेच्या पलीकडचं पहिलं स्टेशन घेण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाच्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पासमधला फरक काढा आणि वाचणाऱ्या घरभाड्याशी ताडून बघा. तिघा-चौघांच्या कुटुंबाची बचत बऱ्याचदा तिकिटातच जाते.

स्टेशनला लिफ्ट आहे का, हे गृहीत धरू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवर जिना न चढता जाता येतं. इमारतीतल्या मजल्याबाबतही नेमकं विचारा. अमेरिकेत ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजला, तर बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये आणखी दोन मजले असू शकतात. ‘रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या?’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. रूळ किंवा ट्रामचं वळण जवळ असेल तर झोपायची खोली कोणत्या बाजूला आहे तेही विचारा. मागच्या अंगणाकडे असेल तर रात्र शांत जाते.

आता कागदपत्रं, कारण नव्याने स्थायिक होणाऱ्यांचं खरं काम इथे अडतं. जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो. हॉलिडे फ्लॅटचे बरेच मालक तो देत नाहीत. पुढची बरीच कामं या नोंदणीवर अवलंबून असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी होकार घ्या. फ्लॅट कायदेशीर आहे का, हेही पाहावं. अॅम्स्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना वर्षात ३० रात्रींपेक्षा जास्त देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घराची नोंदणी लागते आणि यजमानाने तिथेच राहायचं असतं. ज्या शहरांत नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे तिथे तो जाहिरातीत नसेल तर ती जाहिरात सोडून द्या, नाहीतर आयत्या वेळी बुकिंग रद्द होऊ शकतं.

दर रात्रीचा आकडा बघून तुलना करू नका. सफाईचा खर्च, बुकिंग साइटची फी आणि माणशी पर्यटक कर मिळवून एकूण रकमेला रात्रींनी भागा. पैसे साइटबाहेर, थेट बँकेत मागणाऱ्याला नाही म्हणा, सवलत कितीही मोठी असली तरी. रविवारी जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात उतरत असाल तर बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वेस्थानकातली उघडी असतात, तिथूनच पहिल्या दिवसाचं सामान घेऊन पुढची गाडी धरा.

बुकिंगआधी मालकाला एकच संदेश पाठवा: रस्त्याचं नाव, पायऱ्यांची संख्या, पत्त्याचा दाखला, आणि विमान उशिरा आलं तर मध्यरात्री किल्ली कशी मिळेल. दोन दिवसांत चारही उत्तरं आली नाहीत तर दुसरा फ्लॅट बघा. आली तर ती साइटच्याच चॅटमध्ये राहू द्या, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा धरतात.