नव्या रॅममध्ये मेमरी एरर: दोष स्टिकचा, स्लॉटचा की सेटिंगचा, हे कसे ठरवावे

नवी रॅम बसवली, संगणक सुरू झाला आणि विंडोजने १६ ऐवजी ३२ जीबी दाखवले, एवढ्यावरून काम पूर्ण झाले असे समजू नये. सदोष मेमरी पहिल्या दिवशी बहुधा लक्षात येत नाही. आठवड्याभराने एखादी मोठी झिप फाइल उघडेनाशी होते, ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडू लागतात आणि मग कधीतरी निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ ही अक्षरे झळकतात. निळा पडदा त्यातल्या त्यात बरा, कारण काहीतरी बिघडले आहे हे त्यातून निदान कळते. खरे नुकसान होते ते न कळता बिघडलेल्या फाइलींचे. रॅममधला एक बिट, म्हणजे शून्य-एकातला एक आकडा, उलटला आणि त्याच क्षणी फाइल सेव्ह झाली, की ती चूक डिस्कवर कायमची लिहिली जाते. एका फोटो स्टुडिओच्या संगणकावर लग्नाचे काही फोटो मी असेच पाहिले आहेत. वरचा अर्धा भाग स्वच्छ होता आणि नवरीच्या शालूच्या काठापासून खाली नुसता करडा पट्टा होता. कॅमेऱ्याचे कार्ड तोपर्यंत पुसून झाले होते.

म्हणून शंका येताच त्या संगणकावरचे महत्त्वाचे काम थांबवावे आणि जुन्या, चांगल्या बॅकअपवर त्याच संगणकातून नवा बॅकअप अजिबात घेऊ नये. घाबरून लोक नेमके हेच करतात आणि चांगली प्रत हातची घालवतात.

रॅमची स्टिक, म्हणजे चिप बसवलेली लांबट पट्टी, स्लॉटमधून एकदा काढून पुन्हा बसवावी. वीज पूर्ण बंद करून, खाच जुळवून, दोन्ही टोके सारख्या जोराने दाबावीत आणि खटका बसल्याचे डोळ्यांनी पाहावे. दोनच स्टिक असतील तर बहुतेक मदरबोर्डवर त्यांची जागा प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असते. तरी बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्यावी. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याचा सल्ला आपल्याकडे दुकानोदुकानी दिला जातो. तो मला मान्य नाही. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, रबर तो झिजवतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड पुरेसे आहे, आणि नवीकोरी स्टिक असेल तर त्याचीही सहसा गरज नसते.

चाचणीसाठी पेनड्राइव्हवरून चालणारा मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस वापरावा. नावे सारखी असली तरी हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. पहिल्याच्या मोफत आवृत्तीत एका वेळी चार फेऱ्यांची मर्यादा आहे; दुसरा पूर्ण मुक्त असून त्याच्या २०२२ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या बोर्डांवर आणि डीडीआर५ या डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या रॅमवरही चालतो. तो सुरू होण्यासाठी काही संगणकांवर सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामना संगणक सुरू करू न देणारी सोय) बंद करावे लागते. तसे करण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलुपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर रॅमचा प्रश्न सुटेल पण विंडोज दार उघडणार नाही. विंडोजमध्ये असलेली मेमरी डायग्नोस्टिक ही सोय मी फक्त एकाच अर्थाने वापरते: तिने एरर दाखवली तर ती खरी मानावी, पण तिने सारे ठीक म्हटले म्हणून निश्चिंत राहू नये. तिने स्वच्छ ठरवलेल्या स्टिक मेमटेस्टमध्ये नापास झालेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

मेमटेस्टची पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते, त्यामुळे तेवढी पाहून उठू नये. किमान चार फेऱ्या, म्हणजे व्यवहारात एक पूर्ण रात्र, द्यावी. आणि एररची स्वीकारार्ह संख्या शून्य हीच आहे. ‘एवढ्या तासांत एकच तर आली’ हे समाधान मेमरीच्या बाबतीत चालत नाही. अपवाद एकच. मेमटेस्ट८६ मधली हॅमर चाचणी मेमरी-पेशींच्या शेजारच्या ओळींवर मुद्दाम अतोनात मारा करते; तिथे नुसती सूचना आली आणि बाकी साऱ्या चाचण्या स्वच्छ असल्या, तर रोजच्या वापरासाठी मी ती स्टिक परत करायला लावत नाही.

आता खरा अवघड टप्पा. एरर आहे हे कळणे सोपे असते. ती कोणामुळे आहे हे ठरवताना भलेभले चुकतात, आणि मीही चुकले आहे.

त्या स्टुडिओच्या संगणकात आधी आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेल क्रमांकाच्या आणखी दोन मी बसवल्या. एरर आल्या, लाल ओळी खाली सरकताना पाहिल्या आणि दोष नव्या जोडीचाच असणार असे गृहीत धरून ती परत केली. बदली आलेल्या जोडीनेही एरर दिल्या, तीही परत केली. तिसऱ्या जोडीनंतर दुकानदार माझ्याशी नीट बोलेना, आणि त्याचे चूक नव्हते. मग मी जे पहिल्या रात्री करायला हवे होते ते केले. चारही स्टिकवर चिकटपट्टी लावून क, ख, ग, घ अशी अक्षरे लिहिली आणि चार रात्री एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये ठेवून तपासली. चारही स्वच्छ निघाल्या. चारही एकत्र लावून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ३२०० चा वेग एक पायरी खाली, २९३३ वर आणला, तेव्हा एकही एरर आली नाही. परत पाठवलेल्या दोन्ही जोड्या बहुधा धडधाकट होत्या.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढची सारी पद्धत आपोआप पटते. मेमरी चालवणारा कंट्रोलर आजच्या संगणकांत प्रोसेसरच्या आतच असतो. दोन स्टिकऐवजी चार लावल्या की त्याच तारांवर दुप्पट भार येतो आणि सिग्नल तितका स्वच्छ राहत नाही. त्यातच खोक्यावर छापलेला वेग हा पुष्कळदा मूळ मानक वेग नसतो, तर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डांवर एक्स्पो नावाच्या प्रोफाइलचा, म्हणजे वेग-व्होल्टतेच्या तयार सेटिंगचा असतो, आणि हे प्रोफाइल म्हणजे एका अर्थी ओव्हरक्लॉकिंग, मानकापेक्षा जास्त वेगाने चालवणेच आहे. डीडीआर४ ची मानक व्होल्टता १.२ असते, वेगवान प्रोफाइल तिला बहुतेकदा १.३५ वर नेते. डीडीआर५ मध्ये भाराचा फरक आणखी ठळक आहे. रायझेन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने स्वतः दिलेला कमाल वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा आहे. म्हणजे ६००० चे दोन संच विकत घेऊन चारही स्लॉट भरणारा माणूस मुळात न मिळालेल्या आश्वासनावर पैसे खर्च करत असतो.

त्यामुळे क्रम असा ठेवावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून, मेमरी मानक वेगावर ठेवून, आहेत त्या सर्व स्टिकसह चाचणी घ्यावी. ती स्वच्छ निघाली तर स्टिक मुळात खराब नाहीत, त्यांच्याकडून मागितलेला वेग त्या जोडणीला झेपत नाही, एवढाच अर्थ निघतो. मानक वेगावरही एरर आल्या, तर एकच स्लॉट ठरवून त्यात एकेक स्टिक तपासावी. एकच स्टिक नापास झाली आणि बाकीच्या पास झाल्या, तर त्या स्टिकला दोषी ठरवण्यापूर्वी ती दुसऱ्या स्लॉटमध्येही नापास होते का ते पाहावे. तिथेही झाली तर शंका उरत नाही. मात्र जुन्या स्टिकही या रांगेत उभ्या कराव्यात. मेमरी वाढवल्यावर विंडोजचा वापर वेगळ्या जागी पसरतो, आणि वर्षानुवर्षे न वापरला गेलेला जुन्या स्टिकमधला खराब भाग तेव्हा प्रथमच समोर येतो. नव्याचा दोष नव्यातच असेल असे नाही.

सर्वच स्टिक एका विशिष्ट स्लॉटमध्ये नापास होत असतील आणि दुसऱ्यात पास, तर रॅम परत करण्याचा विचार सोडून द्यावा. स्लॉटमधला कचरा, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले जाणे, ही तिथली नेहमीची कारणे. कूलर सैल करून, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, सारखे आवळले आणि हरवलेला चॅनल, म्हणजे मेमरीकडे जाणारी तारांची एक वाट, परत आला, असे मी स्वतः दोनदा पाहिले आहे. सॉकेटमधली वाकलेली पिन मात्र घरी सुईने सरळ करायला जाऊ नये.

प्रत्येक स्टिक एकटी पास होते आणि एकत्र आल्यावर मानक वेगालाही एरर येतात, हा प्रकार बहुधा वेगवेगळे संच एकत्र केल्याने होतो. मॉडेल क्रमांक एकच असला तरी आतल्या चिप वेगळ्या कारखान्यातल्या, वेगळ्या बांधणीच्या असू शकतात. कंपन्या त्या मधूनच बदलतात. माझे मत ठाम आहे: ३२ जीबी हवे असतील तर आहेत त्या दोनात दोन मिसळण्यापेक्षा जुन्या विकून सोळा-सोळाचा एकच संच घ्यावा. त्यात जाणारे पैसे वाया गेलेल्या रात्रींपेक्षा कमी असतात.

एका सल्ल्यापासून विशेष सावध राहावे. मेमटेस्ट एररचा पत्ता दाखवतो, तो पाहून ‘पत्ता अर्ध्याच्या वर आहे, म्हणजे दुसरी स्टिक खराब’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन स्टिक दोन वाटांनी एकाच वेळी चालतात तेव्हा, लागोपाठचे पत्ते दोन्ही स्टिकमध्ये आलटून पालटून वाटलेले असतात, त्यामुळे या गणिताला आधार नाही. पत्त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक फेरीत त्याच पत्त्यावर, तोच बिट चुकत असेल तर चिपमधला पेशीदोष संभवतो. पत्ते विखुरलेले आणि दर वेळी वेगळे असतील तर वेग, व्होल्टता किंवा भार यांच्याकडे बघावे. चाचणी संपताच पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

प्रोफाइलमुळेच एरर येत असतील तर वेग एक पायरी कमी करून पुन्हा रात्रभर चाचणी घ्यावी. ३६०० वरून ३२०० वर आल्याचा फरक रोजच्या कामात जाणवत नाही. व्होल्टता वाढवून एरर दाबण्याच्या फंदात नवख्याने पडू नये.

उन्हाळ्याचाही विचार करावा. मेमरीच्या पेशीतला विद्युतभार उष्णतेत लवकर गळतो, म्हणून हिवाळ्यात पास झालेली रॅम अकोला-नागपूरकडच्या मे महिन्यात नापास होऊ शकते. टेबलावर कॅबिनेट उघडे ठेवून, पंख्याखाली घेतलेली चाचणी त्यामुळे अपुरी ठरते. शेवटची चाचणी झाकण लावून, संगणक नेहमीच्या जागी ठेवूनच घ्यावी.

बायोसचे नवे अपडेट कधीकधी मेमरीचा प्रश्न पूर्ण सोडवते, विशेषतः डीडीआर५ मध्ये. पण एरर देणाऱ्या रॅमवर बायोस अपडेट करणे हा मोठा धोका आहे, कारण चुकीचा एक बिट थेट बोर्डाच्या चिपमध्ये लिहिला जाऊ शकतो. तपासलेली एकच स्टिक ठेवून, प्रोफाइल बंद करून ते करावे. अपडेटनंतर डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळाच राहतो. तेवढ्या वेळात मेमरीचे ट्रेनिंग, म्हणजे कंट्रोलर आणि रॅम यांची जुळणी, चालू असते. घाईने बटण दाबून तो बंद करू नये.

स्टिक खराब ठरली तर बिल, स्टिकर न काढलेली स्टिक आणि मेमटेस्टच्या पडद्याचे फोटो घेऊन जावे. संच म्हणून घेतलेली जोडी असेल तर दोन्ही स्टिक एकत्र द्याव्यात, म्हणजे बदलीत आलेली जोडीही एकत्र तपासलेली असते.

सर्व स्वच्छ झाल्यावर विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणारा सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवावा आणि नवी रॅम बसवल्याच्या तारखेनंतर त्या संगणकावर सेव्ह झालेल्या महत्त्वाच्या फाइली उघडून पाहाव्यात. फोटोंच्या लघुचित्रांवर विसंबू नये. कित्येकदा लघुचित्र अखंड दिसते आणि मूळ फोटो अर्धा असतो. प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडावा. हे कंटाळवाणे काम आहे, स्टुडिओत आम्हाला दोन दुपारी लागल्या. पण कार्ड पुसण्याआधी ज्यांचे फोटो पेनड्राइव्हवर दिलेले होते, अशा दोन कुटुंबांकडून आम्ही वेळेत प्रती परत मागून घेऊ शकलो.

शेवटी, स्थिर ठरलेला वेग, व्होल्टता, कोणत्या स्लॉटमध्ये कोणती स्टिक आणि चाचणीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. बोर्डाची बॅटरी संपली किंवा कोणी बायोस रीसेट केले, की ही सेटिंग पुसली जातात आणि पुढचा माणूस खोक्यावरचा वेग पाहून प्रोफाइल पुन्हा चालू करतो.