हेळसांड झालेला इग्वाना घरी आणलाय? आधी ऊब, मग पाणी, खाणं शेवटी

मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घर बदललं, हौस फिटली, की हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, 'कोणी सांभाळेल का' म्हणत दुसऱ्याच्या हाती दिला जातो. सोबत येते ती माशांची जुनी काचेची टाकी, एक पिवळा बल्ब आणि काकडीचे काप. नवा मालक कळवळून त्याच्यापुढे पाल्याचा ढीग ठेवतो आणि पहिली चूक तिथेच होते. इग्वाना पाला खातो, पण तो पचवतात त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू, आणि त्यांना ऊब लागते. अंग गार असताना गिळलेला पाला पोटात तसाच पडून राहतो आणि पोट फुगतं. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर दिलं, तर रक्तातले क्षारही झपकन खाली येऊन ते दगावू शकतं.

आणण्याआधी

समोरचा प्राणी इग्वानाच आहे ना, हे पाहून घ्या. मातकट रंगाचा, लांब दुभंगलेली जीभ सारखी बाहेर काढणारा असेल तर ती घोरपड. ती कायद्याने संरक्षित आहे, पाळता येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. इग्वानाही कागदांशिवाय घेऊ नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं.

पहिला दिवस: तात्पुरता पिंजरा

मोठ्या इग्वानाला पुढे सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि तीन फूट खोल पिंजरा लागेल. पण आज तो नको. हाडं ठिसूळ झालेला इग्वाना उंचावरून पडला तर पाय किंवा कणा मोडतो. तीन-चार फूट लांबीचा बुटका पिंजरा घ्या, तळाला वर्तमानपत्र अंथरा आणि हातभर लांबीचं जाड लाकूड जमिनीलगत ठेवा. वाळू किंवा कोकोपीट नको. ते पोटात जातं आणि विष्ठाही नीट दिसत नाही. तीन बाजू कापडाने झाका.

एका टोकाला, बल्बखाली, 35 ते 38 अंश सेल्सिअस हवं आणि दुसऱ्या टोकाला 27 च्या आसपास. रात्री 23-24 च्या खाली जाऊ देऊ नका. हाताने अंदाज घेण्याच्या फंदात पडू नका, दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर लावा. नाशिकसारख्या गावात अडचण थंडीत येते. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो, आणि मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलातला हा प्राणी तेवढ्यात लाकडासारखा आखडतो. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर, लावा. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. हीटरभोवती जाळी हवीच. इग्वाना गरम वस्तूला चिकटून बसतो आणि पोटाची कातडी भाजेपर्यंत हलत नाही, म्हणून तापणारे दगडही नकोत. वीज गेलीच तर रबरी शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा.

आता यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण. या किरणांशिवाय कातडीत डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. साधा एलईडी किंवा पिवळा बल्ब हे किरण देत नाही, आणि खिडकीची काच उन्हातले किरण अडवते. 'रोज खिडकीत ऊन घेतो' असं जुन्या मालकाने सांगितलं तर समजा, ऊन मिळालेलंच नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची 10 ते 12 टक्के यूव्हीबीची टी5 (बारीक) ट्यूब बसायच्या जागेपासून 30-40 सेंमी वर, रोज 12 तास लावा. ट्यूब दिसायला पेटत असली तरी यूव्हीबी हळूहळू आटतं, म्हणून वर्षाच्या आत बदला. गच्चीवरचं कोवळं ऊन याहून चांगलं. जाळीचा पिंजरा घ्या, अर्ध्यावर गोणपाट टाका, अर्धा तास पुरे. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत खाली आणा. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवू नका, दहा मिनिटांत भट्टी होते.

दुसरा-तिसरा दिवस: पाणी

डोळे खोल गेलेत, कातडीची चिमूट सोडली तरी उभी राहते, विष्ठेसोबतचा पांढरा भाग रवाळ किंवा पिवळा आहे, म्हणजे शरीर कोरडं पडलंय. 30-32 अंशांचं पाणी टबात खांद्यापर्यंत घ्या, डोकं बाहेर राहील असं, आणि 15-20 मिनिटं बसू द्या. तो बहुधा पाण्यातच विष्ठा करतो. ती ताजी असताना डबीत भरून तपासायला न्या. आंघोळीनंतर पुसून लगेच उबेत ठेवा. बोटांभोवती अडकलेली जुनी कात दोऱ्यासारखी आवळते आणि बोट झडतं. ती ओढू नका, रोजच्या भिजण्याने सैल होऊ द्या. शेपटीचं टोक काळं, सुकं दिसलं तर डॉक्टरांनाच दाखवा.

डॉक्टर: याच आठवड्यात

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर इग्वाना पाहतोच असं नाही, आधी फोन करा. नाशिकात कोणी मिळालं नाही तर मुंबई किंवा पुणे. नेताना हवेशीर झाकणाच्या डब्यात टॉवेल अंथरा आणि गाडीचा एसी बंद ठेवा. एक्स-रे आणि रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक अ‍ॅसिड या तपासण्यांबद्दल विचारा. बोटं किंवा पाय थरथरत असतील तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते. बाकी अंग वाळलेलं आणि मांड्या मात्र गुबगुबीत असल्या की लोक म्हणतात, 'पाय बघा, किती मजबूत!' ती ताकद नव्हे. कॅल्शियम निघून गेलेल्या हाडाभोवती शरीराने रचलेली तंतूंची सूज आहे. जबडा रबरासारखा लवचिक लागणं हे त्याच आजाराचं लक्षण. म्हणूनच तोंड जबरदस्तीने उघडून भरवू नका, जबडा मोडतो.

चौथ्या दिवसापासून: खाणं

सकाळी बल्ब लागल्यावर दोन तासांनी द्या, म्हणजे पचायला दिवसभराची ऊब मिळते. खाण्याच्या पहिल्या दिवशी दोन चमचे बारीक चिरलेला पाला, मग दोन आठवड्यांत हळूहळू पोटभर.

बाजारातलं सर्वांत उपयोगी खाणं माणसांच्या भाजीत नाही, गुरांच्या वैरणीत आहे: लसूण घास (ल्युसर्न). गोठेवाल्यांकडे ताजी पेंढी मिळते. तिच्यात शेवग्याचा, मोहरीचा, मुळ्याचा पाला आणि जास्वंदाची पानं-फुलं मिसळा. थोडा लाल भोपळा, घेवडा. पपईची फोड आठवड्यातून एखादी. पालक, राजगिरा, चुका यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते रोज नको. काकडीत पाण्यापलीकडे फारसं काही नाही. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं पूर्ण बंद, त्याने मूत्रपिंडं जातात. पाल्यावर साधी कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर पूड घाला. डी3 असलेली पूड डॉक्टर सांगतील तेवढीच, जास्तीचं डी3 घातक असतं.

द्राक्षाची पानं इग्वानाला आवडतात आणि चालतातही. पण नाशिकजवळच्या मखमलाबाद-गिरणारेकडच्या ओळखीच्या बागेतून आणायचा मोह टाळा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बागांवर फवारे चालू असतात. अंगणातला बिनफवारणीचा वेल असेल तरच. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदाचीही जुनी पानं देऊ नका, नंतर घरी फुटलेली द्या.

पुढचे महिने

दर रविवारी सकाळी खाण्याआधी डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. काटा आणि टब स्वयंपाकघरातले नकोत: इग्वानाच्या विष्ठेतून साल्मोनेला हा माणसांना जुलाब-ताप आणणारा जिवाणू पसरतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांना दूर ठेवा. जबडा घट्ट व्हायला काही महिने लागतात. वाकलेली शेपटी किंवा कणा तसाच राहतो.

पहिले दोन आठवडे आंघोळ आणि औषधापुरतंच उचला. डोक्याच्या मध्यावर त्याला सावली ओळखणारा तिसरा डोळा असतो. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच. बाजूने, सावकाश या आणि छाती-पोटाखाली आधार द्या. शेपटी धरली तर ती तुटून हातात येईल.

मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते. पोट फुगलं, खाणं सुटलं आणि ती कोपरे उकरू लागली, तर आत शिरून वळता येईल एवढ्या खोक्यात ओलसर माती द्या. उकरूनही अंडी येत नसतील आणि ती मलूल झाली, तर पुन्हा डॉक्टरकडे.

नाकाभोवती पांढरा थर, काचेवर पांढरे शिंतोडे आणि अधूनमधून शिंका दिसल्या तर ती सर्दी नव्हे. इग्वाना अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून फेकतो. ओल्या फडक्याने पुसा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकातून चिकट फेस येत असेल, तर मात्र ते मीठ नाही.