दोघांनीच नागपूरला जायचं, तर आधी काय काय उरकायचं

गावातून नवराबायको दोघंच सकाळच्या एसटीत बसले की कुणीतरी विचारतंच, "कोनाचं लगन हाय?" नाहीतर, "मेडिकलले चालले का?" लग्न, दवाखाना, कोर्टाची तारीख. याखेरीज जोडीनं शहर गाठायचं कारण आमच्याकडे कुणाला सुचत नाही. एकत्र घर, दिवसभर वावर, संध्याकाळी गोठा, रात्री लेकरं. वर्षानुवर्षं एका छताखाली राहून दोघांना अर्धा तास सलग बोलता आलेलं नसतं. म्हणून मला वाटतं की लग्नाला दोन वर्षं झालेली असोत की वीस, दोन रात्री फक्त दोघांच्या म्हणून काढाव्यात. पाच-सहा हजारांत हे जमतं. त्यासाठी बॅगेपेक्षा घराची आणि वावराची तयारी जास्त करावी लागते.

तारीख आधी धरा, आणि ती वावर पाहून धरा. पेरणीपासून पहिलं निंदण-डवरण होईपर्यंत जाण्याचं नावही काढू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा एकमेकांवर येतात. शिवाय दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा नागपुरात खोली मिळणं अवघड. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, त्या दिवसांत लॉजचे भाव चढतात. एप्रिल-मेच्या उन्हात शहर पाहायला जाऊच नये. माझ्या हिशेबानं सगळ्यात चांगले ते रथसप्तमी ते महाशिवरात्र यांमधले दोन-तीन आठवडे. संक्रांतीची हळदीकुंकवं संपलेली असतात, तूर घरात आलेली असते, कापसाचे बरेचसे वेचे होऊन गेलेले असतात, हातात थोडा पैसा असतो आणि हवेत गारवा. दहावी-बारावीचं लेकरू घरात असेल तर मात्र यंदा थांबा. वार निवडताना मंगळवार ते गुरुवार धरा. शनिवार-रविवारी गर्दी आणि भाव दोन्ही जास्त, आणि सोमवारी अजब बंगला, म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय, बंद असतो.

आता घर. सासूबाईंशी बोलायचं काम नवऱ्यानं करायचं. सुनेनं विचारलं की ती परवानगी होते, मुलानं सांगितलं की तो घरातला बेत होतो. "आई, आम्ही दोघं दोन दिवस नागपूरले जाऊन येतो, फिरायले," एवढं सरळ सांगावं. दवाखान्याचं खोटं कारण काढू नका, नाहीतर परत आल्यावर चार घरचे लोक तब्येतीची चौकशी करायला येतात आणि एका खोट्यामागे दुसरं बोलत बसावं लागतं. सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या सकाळच्या-संध्याकाळच्या अशा वेगळ्या पुड्यांत बांधून ठेवा. किराणा, गॅस, दळण आधीच्या आठवड्यात उरकून घ्या.

गोठ्याची तयारी चार दिवस आधीपासून करावी लागते. हाताची सवय असलेली गाय नवख्या माणसाला पान्हा सोडत नाही. जाऊ किंवा नणंद दूध काढणार असेल, तर तिला आधीचे दोन-तीन दिवस रोज धारेच्या वेळी शेजारी बसवा. पहिल्या दिवशी नुसतं ढेपेचं टोपलं तिच्या हातून पुढे ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वासरू तिनं सोडायचं, तिसऱ्या दिवशी अर्धी धार तिनं काढायची. तुमचं रोजचं जुनं लुगडं तिला अंगावर घ्यायला द्या, वासानं गाय शांत राहते. ढेप किती आणि कुटार (भुसा) किती हे तोंडी सांगू नका, मापाच्या टोपल्याला आतून खूण करून ठेवा.

वावराचं म्हणाल तर तेव्हा हरभरा घाट्यावर असतो आणि गहू पाण्यावर. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत केलेलं सगळं लोळवतात, त्यामुळे दोन रात्रींच्या जागलीची, म्हणजे राखणीची, सोय लावल्याशिवाय निघूच नये. धुऱ्याच्या (बांधाच्या) शेजाऱ्याला आठ दिवस आधी विचारा. गव्हाचं पाणी द्यायचं असेल तर तुमच्या फिडरला शेतीची वीज, म्हणजे लाईन, दिवसा कोणत्या आठवड्यात आहे ते पाहून तारीख पक्की करा. रात्रीच्या लाईनवर दुसऱ्याला पाणी द्यायला लावणं बरं नाही. मोटरचं स्टार्टर कुरकुर करत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर सिताबर्डीच्या गर्दीत उभं राहून फोनवर फ्यूजच्या गोष्टी कराव्या लागतात.

पैशाला एक नियम. बचतगटाचं किंवा कुणाचं उसनं घेऊन जायचं नाही. सोयाबीन विकल्यावर थोडे, कापूस विकल्यावर थोडे असे एका वेगळ्या डब्यात टाकत जा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे जोडीचं भाडं दीड तिकिटातच भागतं. वर्ध्याकडच्यांना रेल्वेही सोयीची, ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता आहे आणि जनरलचं तिकीट त्याहून स्वस्त पडतं. वाचलेला पैसा खोलीत घाला. जेवण साधं चालेल, फिरणं फुकटातलं चालेल, पण खोली कोंदट आणि कळकट निघाली तर जाण्याचा अर्थच उरत नाही. आणि निघण्याआधी बायकोच्या पर्समध्ये पाचशे-सातशे रुपये वेगळे टाका, ज्यांचा हिशेब तिला कुणी विचारणार नाही. नवऱ्यानं स्वतःसाठीही तेवढेच ठेवावेत.

खोली सिताबर्डीच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या परिसरात पाहा. तिथून मेट्रो जवळ, बाजार जवळ आणि गणेशपेठचं बसस्थानकही फार लांब नाही. हजार-दीड हजारात साधी, स्वच्छ खोली मिळू शकते. ऑनलाइन फोटो पाहून पैसे भरून मोकळं होऊ नका, आधी फोन करा. खोलीला खिडकी आहे का आणि ती कुठे उघडते, गरम पाणी सकाळी किती ते किती, सांगितलेल्या भावात टॅक्स धरलाय का, आणि चेक-आऊट बारा वाजताचं की चोवीस तासांचं, हे विचारा. चोवीस तासांचं असेल तर सकाळी दहाला पोचलेल्या जोडीला फायदा होतो. पोचल्यावर पैसे देण्याआधी खोली उघडून पाहा, आतली कडी लागते का ते बघा, चादर बदलून मागा. मागायला लाजू नका, भाडं देताय.

आधार कार्ड दोघांचंही लागतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे लॉजवाले ते बहुधा घेत नाहीत. पुष्कळ बायकांच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव असतं. काऊंटरवर कुणी त्यावरून भुवया उंचावल्या तर गडबडून जाऊ नका, दोघं सज्ञान आहात आणि ओळखपत्र खरं आहे, एवढं पुरतं. लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये असला तर बोलणं लवकर मिटतं, म्हणून ठेवा. पण खोली ठरवायच्या फोनवरच "आडनाव वेगळं आहे, चालेल ना?" असं विचारून घेतलं तर तिच्यावर चार माणसांसमोर अवघडायची वेळच येत नाही. हा फोन जरूर करा.

पाहायचं काय, याची यादी छोटी ठेवा. दिवसाला दोनच ठिकाणं. रामटेकचा मोह होतो, पण ते पन्नासेक किलोमीटरवर आहे, त्यात एक अख्खा दिवस जातो. ते पुढच्या खेपेला. पहिल्या दिवशी पोचून, आंघोळ करून, दुपारी झोप काढा. खरंच झोपा. गावात तिला दुपारी कधी आडवं होता येत नाही. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर जाऊन बसा. पाणी, वारा, मक्याचं भाजलेलं कणीस, आणि ओळखीचं कुणी नाही. हात धरून बसायला गावात जागा नसते, इथे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती ही जागा, आणि घुमटाच्या आत शिरल्यावरची शांतता दोघांनी मिळून अनुभवावी अशीच आहे. तिथून अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय, आणि नंतर मेट्रो. मेट्रोला फिरण्याचं साधन न मानता फिरणंच माना. सिताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात. लोकमान्य नगरच्या बाजूला निघालात की अंबाझरी तलाव दिसतो, खापरीकडे निघालात तर वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. तो ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल गिनीज बुकात गेलेला आहे. दुपारच्या वेळी डबे रिकामे असतात, खिडकीशी शेजारी शेजारी जागा मिळते.

खाण्याची काळजी करू नका. निघायच्या पहाटे बायकोनं पोळ्या लाटायच्या नाहीत, ही माझी अटच समजा. सकाळी तर्री पोहा खा, वर चण्याची लालभडक तर्री आणि कच्चा कांदा, दोघांचं पोट भरतं. सावजी खायचं असेल तर एक प्लेट मटण आणि जास्तीच्या पोळ्या मागवा, कारण तिखट आपल्या घरच्या ठेच्याला भारी पडतं. रात्रीला नको, दुपारी खा. एखाद्या संध्याकाळी बायकोला जे खावंसं वाटेल ते, मग ते आइस्क्रीम असो की डोसा.

बॅगेचं फार सांगायला नको. एकच बॅग, दोघांची मिळून. शाल आणि स्वेटर हवेतच, रात्री थंडी वाजते. रोजच्या वापरातल्या चपला घाला, नव्या चावतात. चार्जर, पाण्याची बाटली, सुट्टे पैसे. आणि लग्नकार्यासाठी म्हणून घडी करून ठेवलेली साडी याच वेळी बाहेर काढा.

गावातल्यांना मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाका, की या खेपेला कुणाचं सामान आणणार नाही. नागपूरला चालले म्हटलं की फवारणी पंपाचा वॉशर, शिलाई मशीनची सुई, कुणाची औषधं, कुणाच्या पोरीचा ड्रेस, अशी फर्मानं सुटतात आणि अर्धा दिवस इतवारीच्या गल्ल्यांत जातो. प्रेमानं पण स्पष्ट नाही म्हणा. औषधाचं निकडीचं असेल तेवढंच घ्या.

घरी फोन रात्री जेवणानंतर, एकदाच. ही वेळ निघतानाच सांगून ठेवा, म्हणजे गाईनं दूध किती दिलं हे दर तासाला विचारलं जाणार नाही. लेकरं रडली तर आजी समर्थ आहे.

जायला मुक्कामी एसटी धरा. ती रात्री गावातच उभी असते, पहाटे हव्या त्या सीटवर बसता येतं. परत येताना मात्र उलट असतं. फाट्यावर उतरल्यावर पुढं काही मिळत नाही, तेव्हा मोटारसायकल घेऊन कोण येणार ते जातानाच ठरवून घ्या आणि नागपूर दुपारी सोडा. निघताना संत्रा बर्फीचे दोन डबे घ्या, एक घरात आणि एक जागल करणाऱ्याच्या घरी. त्याला विचारून ठेवा की त्याच्या हरभऱ्याला कोणत्या रात्री माणूस हवंय. तितक्या रात्री त्याच्या मचाणावर नवऱ्यानं जायचं. पुढल्या वर्षी त्यालाही बायकोला घेऊन दोन दिवस कुठे जाता आलं पाहिजे.